हॉबी १६, चिवल्याच्या वाळूवर अठरा महिने

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर ठेवायला ऑक्टोबरात ही जुनी हॉबी १६, म्हणजे जोड धडांची शिडाची होडी, घेतली तेव्हा मी पाहिलं काय, तर शिडांचे रंग. मेहुण्याने दोन्ही हल (होडीची धडं) बोटांनी ठोकून पाहिले, आवाज खणखणीत आला, आणि आम्ही पैसे मोजले. आता मधला एक पावसाळा धरून अठरा महिने झाले. ती वाऱ्यावर कशी पळते हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय तिची डोलकाठी आपल्याच डोक्यावर कोसळू नये म्हणून काय पाहावं लागतं त्याबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ५.०५ मीटर लांबीचे दोन हल, त्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी सांगाडा, सांगाड्यात ताणलेलं ट्रॅम्पोलिन (बसायचं कापड) आणि आठ मीटरहून थोडी उंच डोलकाठी. सगळं मिळून १४५ किलोच्या आसपास. काठी कुठेही रोवलेली नसते, नुसती पायावर टेकलेली असते. दोन बाजूंचे दोन श्राउड आणि पुढचा फोरस्टे, या तीन तारांच्या भरवशावर ती उभी.

पहिल्याच दिवशी मी घाबरलो होतो, कारण वाऱ्याच्या आडोशाकडचा श्राउड चक्क लोंबत होता. म्हटलं, काहीतरी सुटलं. पण या होडीची बांधणीच तशी सैल. काठीला फिरायला आणि मागे झुकायला जागा लागते. त्याचा दुसरा अर्थ मला चार महिन्यांनी कळला. प्रत्येक लाटेला ती सैल तार खालच्या टोकाशी, जिथे ती फेरूलमध्ये (धातूच्या छोट्या नळकांड्यात) दाबून बसवलेली असते, तिथे थोडी थोडी वाकते. लोखंडी तार हाताने वाकवून वाकवून तोडतो ना, तोच प्रकार, फक्त सावकाश.

फेब्रुवारीत जुन्या बनियनची चिंधी घेऊन सगळ्या तारा वरून खाली पुसल्या. (नुसत्या बोटांनी कधीही पुसू नका.) उजव्या श्राउडच्या तळाशी प्लॅस्टिकची नळी चढवलेली होती. मी ती नीटस म्हणून कौतुकाने पाहायचो. ती सरकवली आणि चिंधी अडकली. १९ तंतूंपैकी दोन तुटलेले, आणि बाकीच्यांवर चहासारखा तांबूस डाग. आदल्याच रविवारी मेहुणा त्या बाजूला ट्रॅपीझवर (काठीवरून येणाऱ्या तारेला अडकून होडीबाहेर) लटकून आरामात गाणी म्हणत होता.

स्टेनलेस स्टीलला गंज येत नाही ही आपली समजूत अर्धीच खरी. त्याच्यावरचा पातळ संरक्षक थर टिकायला हवेतला ऑक्सिजन लागतो. नळीखाली किंवा टेपखाली खारं पाणी कोंडलं की तो थर जातो आणि धातू आतून खड्डे पडत खाल्ला जातो. शेजारी जाळी शिवत बसणाऱ्या काकांनी हे मला एका वाक्यात आधीच ऐकवलं होतं: "भायरला मीठ धुवतस, पण भितरला?" तेव्हा मी हसलो होतो. आता माझ्या होडीवर तारेला एकही नळी नाही, आणि तारा जोडणाऱ्या पिनांच्या रिंगांवर गुंडाळलेली टेप दर महिन्याला फाडून नवी लावतो. रिंग उघडली गेली तर पिन निघते आणि पिन निघाली तर काठी जाते, त्यामुळे टेप हवीच. फक्त ती कायमची नको.

एक तार खराब निघाली की सगळा संच बदलायचा, हा नियम मी पाळला, पण आधी शहाणपणा करून. इथल्याच एका वर्कशॉपमधून श्राउडची टोकं दाबून घेतली. होडीवर चढवण्याआधी ती तार माडाला बांधली आणि आम्ही दोघे तिला लोंबकळलो. तार फेरूलमधून सुळ्ळकन निसटली आणि आम्ही वाळूत. योग्य मापाचा साचा नसेल तर दाब बरोबर बसत नाही. शेवटी तयार संच मागवला, तो यायला बरेच आठवडे गेले.

आणखी एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. जिब (पुढचं छोटं शीड) ताणून बांधली की फोरस्टे सैल पडतो, आणि पुढचा सगळा भार जिबच्या कडेत शिवलेल्या तारेवर आणि तिच्या हॅलयार्डवर (शीड वर चढवायच्या दोरावर) जातो. म्हणजे जी तार कापडाच्या आत आहे तीच काठी धरून असते. फोरस्टे मागे राखीव. म्हणून "तो तर सैलच असतो" असं म्हणून त्याच्या पिनकडे दुर्लक्ष करू नका.

सांगाड्याची तपासणी सोपी आहे. वाळूवर एका हलची नाळ (पुढचं टोक) धरून उचला. दुसरी नाळ लगेच मागोमाग उठायला लागली तर सांगाडा घट्ट. आमच्याकडे ती बराच वेळ वाळूवरच बसून राहायची. ट्रॅम्पोलिन काढल्यावर कोपऱ्याच्या कास्टिंगपाशी (ओतीव जोडापाशी) रिवेटांभोवती पांढरी पूड दिसली. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून राहिले की झीज अ‍ॅल्युमिनियमची होते. रिवेट काढून, भोकं साफ करून, दोन धातूंच्या मध्ये पेस्ट लावून नवे मारले. स्टेनलेसचे रिवेट साध्या हातरिवेटरने बसत नाहीत, मनगट जातं. लांब दांड्यांचा लागतो.

हल, सुकाणू, बुच यांचा त्रास नाही. वाळूवरून ओढू नका, तळ झिजतो. चाकं घ्या.

काठी उभी असताना मात्र होडी किनाऱ्यावरून वर नेऊ नका. माडांमधून गेलेल्या विजेच्या तारा आणि आठ मीटर अ‍ॅल्युमिनियम. अमेरिकेत या होडीच्या काठीचं वरचं टोक पुढे फायबरचं केलं गेलं ते याच कारणाने. आमची काठी टोकापर्यंत धातूची आहे, त्यामुळे ती आम्ही पाण्याच्या कडेलाच उतरवतो, कितीही कंटाळा आला तरी.

पुन्हा घेईन का? घेईन, पण तारांचा नवा संच किमतीत धरूनच. पुढच्या डाव्या कोपऱ्यातून लाटेवर अजून कुरकुर येते. १ जूनला मासेमारी बंद झाली की आमचीही होडी शेडमध्ये जाईल, तेव्हा तो कोपरा पूर्ण सोडवून बघणार आहे.