सायकलवर हृदयगती मोजण्यासाठी काय घ्यावे: स्मार्टवॉच, छातीचा पट्टा की दंडाचा पट्टा?

सायकल चालवताना हृदयाचे ठोके मोजायचे असतील, तर मनगटावरचे स्मार्टवॉच, छातीला बांधायचा पट्टा आणि दंडावर घालायचा पट्टा असे तीन पर्याय आहेत. विदर्भातील खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्याने यांतून निवड करताना किमतीच्याही आधी मोजण्याची पद्धत पाहावी, कारण इथला रस्ता, थंडी आणि ऊन या तिन्हींचा परिणाम थेट तिच्यावर होतो.

स्मार्टवॉच त्वचेवर हिरवा प्रकाश सोडते आणि प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताचे प्रमाण बदलल्याने परत येणारा प्रकाश किती कमी-जास्त होतो, यावरून ठोके मोजते. झोपेत किंवा बसलेले असताना ही पद्धत चांगली चालते. सायकलवर मात्र मनगट वाकलेले, मूठ आवळलेली आणि अंगाचा भार तळहातावर असतो. त्यातच काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचे डांबरी रस्तेही खालीवर झालेले असतात. पांदण रस्त्याची तर गोष्टच वेगळी. अशा हादऱ्यांनी घड्याळ त्वचेवर सरकत राहते, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि आकडा भरकटतो. हिवाळ्याच्या पहाटे हातांतील रक्तवाहिन्या आकसल्याने मिळणारा संकेतही क्षीण होतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येत नसेल आणि घड्याळ मात्र १०५ दाखवत असेल, तर विश्वास धापेवर ठेवावा. घड्याळ आधीच घेतलेले असेल, तर ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकवून घट्ट बांधल्यास बराच फरक पडतो. पण केवळ सायकलसाठी नवे घड्याळ घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

छातीचा पट्टा प्रकाश वापरत नाही. ईसीजीप्रमाणे तो हृदयाचा विद्युत संकेतच टिपतो, म्हणून हँडलवरची पकड आणि रस्त्याचे हादरे यांचा त्याला फारसा उपद्रव होत नाही, आणि अचानक जोर लावल्यावर वाढलेली गतीही तो लगेच दाखवतो. त्याची खरी अडचण सुरुवातीच्या काही मिनिटांत येते. कोरड्या थंडीत घाम नसल्याने पट्ट्याचा त्वचेशी नीट संपर्क होत नाही आणि वाऱ्यावर फडफडणाऱ्या सिंथेटिक जर्सीमुळे स्थिर वीज तयार होऊन आकडे उगाच उसळतात. निघण्यापूर्वी पट्ट्याची आतील बाजू पाण्याने चांगली ओली केली की हा त्रास बहुतांशी टळतो. मे महिन्यात संपर्क उत्तम असतो, पण घामातील क्षार पट्टा खराब करतात, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो साध्या पाण्याने धुवावा आणि मोजणारा डबा काढून ठेवावा. अनेक पट्ट्यांना सीआर २०३२ हा बटनसेल लागतो. तो तालुक्याच्या गावी घड्याळाच्या दुकानात सहज मिळतो आणि कित्येक महिने टिकतो, त्यामुळे भारनियमनाची चिंता राहत नाही.

दंडाचा पट्टाही प्रकाशानेच मोजतो. मात्र तिथे मांसल भाग असतो, हाड आड येत नाही आणि हादरेही कमी पोहोचतात. एका लयीत चाललेल्या लांब फेरीत त्याचे आकडे छातीच्या पट्ट्याच्या जवळपास राहतात, अचानक वेग घेतल्यावर मात्र काही सेकंद मागे पडतात. तो चार्ज करावा लागतो. छातीवरच्या पट्ट्याने ज्यांना उन्हाळ्यात घामोळे येते किंवा ज्या स्त्रियांना अंतर्वस्त्राखाली तो काचतो, त्यांनी निःशंकपणे दंडाचाच घ्यावा.

घाटातील चढ आणि वेगाचा सराव आकड्यांवर बेतायचा असेल, तर माझे मत छातीच्या पट्ट्याच्या बाजूने आहे. मोबाइलशी जोडायचा असल्यास ब्लूटूथ आहे ना आणि सायकल कॉम्प्युटर (हँडलवर बसवायचे, वेग-अंतर दाखवणारे छोटे यंत्र) असल्यास तो कोणता बिनतारी संकेत घेतो, हे विकत घेण्याआधीच पाहून घ्यावे.

एक बाब तिन्हींना लागू आहे. कडक उन्हात त्याच वेगाला, त्याच रस्त्यावर हृदयगती हळूहळू चढत जाते, कारण घामाने शरीरातील पाणी घटते आणि अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवावे लागते. ही वाढ खरी असते. तिला यंत्राचा दोष समजून पॅडल मारत राहू नये, सावलीत थांबून पाणी प्यावे. शंका असल्यास थांबताक्षणी मानेच्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवून १५ सेकंदांतील ठोके मोजावेत, त्यांना ४ ने गुणावे आणि त्याच क्षणी यंत्रावर दिसणाऱ्या आकड्याशी ताडून पाहावे.