बलुतं आधी की अक्करमाशी?

अप्पा बळवंत चौकातनं ही दोन्ही दलित आत्मकथनं एकदमच उचलली होती, दया पवारांचं बलुतं १९७८ चं आणि शरणकुमार लिंबाळेंचं अक्करमाशी (म्हणजे अनौरस) १९८४ चं, त्यामुळे आधी कुठलं वाचू असं कोणी विचारलं तर सांगू शकतो.

बलुतं निवांत वाचायचं. दया पवार स्वतःच्याच लहानपणाशी, म्हणजे दगडूशी, गप्पा मारत बसलेत असं वाटतं. मुंबईतली कावाखाना ही वस्ती, गोदीत काम करणारे आणि दारू पिणारे वडील, मग गाव, मधेच हसू पण येतं (आणि आपण हसलो म्हणून कसंतरी होतं).

अक्करमाशीत तेवढी उसंतच नाही. भूक, भाकरी, परत भूक. वडील पाटील, पण पोराला आपलं म्हणत नाहीत, आणि शाळेत बापाचं नाव विचारतात तिथे मी पुस्तक मिटलं, कोथरूडच्या बसमध्ये होतो, डेपो आला तरी उतरायचं भानच नव्हतं. आजी संतामाई आणि तिच्यासोबत राहणारा मुसलमान दादा, रक्ताचं नातं नसलेला, तोच काय तो मायेचा माणूस. लिंबाळेंनी हे पंचविशीत लिहिलंय, म्हणून तो राग अजून गरम लागतो.

मला विचाराल तर आधी अक्करमाशी. लहान आहे, दोन रात्रीत संपतं. फक्त झोपताना नका वाचू.