फळासकट मिळणारी अननसाची कुंडी: पैसे कशाचे मोजायचे?

रोपवाटिकांत आणि ऑनलाइन हल्ली 15-16 सेंटिमीटरच्या कुंडीत अननसाचं रोप मिळतं. मधोमध ताठ दांडा, त्यावर मुठीएवढं फळ आणि फळावर छोटा तुरा. दिसायला देखणं आहे, यात वाद नाही. शोभेसाठी घेत असाल तर खुशाल घ्या, फळ बरेच आठवडे टिकतं. पण ‘घरात वाढणारं फळझाड’ म्हणून घेत असाल, तर विकणाऱ्याने सांगायला हवी अशी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. त्या रोपाचं मुख्य काम उरकलेलं असतं. अननसाचा वाढता कोंबच फुलोऱ्यात बदलतो. एकदा फळ धरलं की त्या खोडाला दुसरं फळ येत नाही, आणि पुढे सगळी भिस्त बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांवर, म्हणजे बाजूच्या नव्या कोंबांवर असते.

म्हणून निवड करताना फळाकडे सर्वांत शेवटी बघा. पानं हलकेच बाजूला सारून बुंधा तपासा. पानाच्या बेचक्यातून बोटभर मुनवा डोकावत असेल, तर ती कुंडी घेण्यासारखी. त्याच बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि आसपास मुंग्या फिरत असल्या, तर तो पिठ्या ढेकूण आहे. कुंडी परत ठेवा. रोप बुंध्याशी धरून थोडं हलवा. कुंडीत लटलट हलत असेल तर मुळं धरलेली नाहीत. पानांची टोकं वाळलेली किंवा कुरियरमध्ये मोडलेली असली तरी फार बिघडत नाही. आणि हे शोभेचं फळ खाण्याचा विचार नको. ते चोथट आणि आंबट निघतं, शिवाय त्यावर काय फवारलंय याची माहिती लेबलवर क्वचितच असते.

खाण्याजोगं फळ हवं असेल तर फळ नसलेलं, मुनव्यापासून केलेलं रोप मागा. फळाला तुऱ्यापासूनच्या रोपापेक्षा ते बरंच लवकर येतं. बाजारातल्या अननसाचा तुरा लावून दोन वर्षं सहज जातात, घरातल्या कमी उजेडात आणखी लागतात. पण तुरा फुकट मिळतो आणि मुलांना लावून दाखवायला त्याच्यासारखी गंमत नाही. तो पिळून काढायचा, खालची पानं सोलून 2-3 सेंटिमीटर देठ उघडा करायचा, चिकटलेला गर पूर्ण खरवडायचा आणि सावलीत 4-5 दिवस सुकवून मगच लावायचा. गर राहिला तर कुजतो.

जात विचारून घ्या. क्यूची पानं टोकाशी सोडली तर जवळपास बिनकाट्याची, पण रोप मोठं होतं आणि फ्लॅटच्या खिडकीत मावत नाही. क्वीन आणि मॉरिशस आटोपशीर आहेत, फळ गोड, मात्र पानांच्या कडा करवतीसारख्या. घरात रांगतं मूल असेल तर क्यूच बरं.

या तयार कुंड्यांतला खरा दोष भरावात आहे. बहुतेकींत नुसतं कोकोपीट असतं. ओलं असताना ते पाणी धरून बसतं आणि एकदा पूर्ण सुकलं की कुंडीच्या कडेपासून सुटतं. मग वरून ओतलेलं पाणी कडेने खाली निघून जातं आणि मुळं कोरडीच राहतात. दुसरीकडे काळ्या मातीत भरलेली रोपं मिळतात, ती त्याहून वाईट. अननसाला आम्लधर्मी, भुसभुशीत जमीन लागते. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत तो रमतो ते उगाच नाही. घरी आणल्यावर दोनेक आठवड्यांनी कुंडी बदला: दोन भाग कोकोपीट, एक भाग जाड रेती, एक भाग गांडूळखत. फळासाठी शेवटी 30 सेंटिमीटरची, शक्यतो मातीची कुंडी लागते, कारण फळ भरल्यावर हलकी प्लॅस्टिकची कुंडी कलंडते.

लेबलवरचं ‘इनडोअर’ वाचून रोप कोपऱ्यातल्या टीपॉयवर ठेवू नका. दुपारी रोपाच्या जागी हात धरा. सावलीची कड स्पष्ट उमटली तरच उजेड पुरेसा आहे. खिडकीपासून हातभर अंतरापलीकडे सहसा तो नसतो. उजेड कमी पडला की नवी पानं लांबट, मऊ आणि गर्द हिरवी होऊन खाली झुकतात.

पाण्यात मात्र बहुतेकांचा हात सैल सुटतो. वरची 3 सेंटिमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको; पावसाळ्यात बंद खिडकीशी दहा-बारा दिवसांतून एकदाही पुरतं. शेतात पाऊस थेट पोग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या खोलगटात पडतो आणि वाऱ्याने वाळतो, घरात तेच पाणी साचून राहतं. मधलं पान हलक्या ओढीने उपटून हातात आलं, त्याचं बूड पांढरट-तपकिरी आणि दुर्गंधी असेल, तर पोगा सडला. तिथून त्या खोडाची वाढ संपली, मुनवा असेल तर तोच वाचवा. यावर तांबेयुक्त बुरशीनाशक ओतू नका, या कुळातल्या झाडांना तांबं सोसत नाही.

बोअरचं जड पाणी घालत राहिलात तर कोवळी पानं पिवळी पडतात, कारण मातीतला आम्लपणा जाऊन लोह मिळेनासं होतं. लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ऊन नसताना फवारा, आणि जमेल तेव्हा पावसाचं पाणी वापरा. खत म्हणून 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला 1 ग्रॅम, वाढीच्या दिवसांत पंधरवड्याला पानांवर फवारलं की भागतं.

रोप मोठं होऊनही फुलत नसेल तर आधी पानं मोजा. तिशीच्या आत घाई नको. त्यापुढे पारदर्शक पिशवीत दोन पिकलेली सफरचंदं ठेवून रोप 3-4 दिवस झाकायचं, तेवढे दिवस थेट उन्हाबाहेर. सफरचंदातून सुटणारा इथिलीन वायू फुलोरा आणतो. दीड-दोन महिन्यांत पोग्यात लालसर कळी दिसू लागते, मग खालून वर जांभळी फुलं उमलत जातात. तिथून फळ पिकायला पाच-सहा महिने. कापल्यावर अननस आणखी गोड होत नाही, म्हणून बुडाकडून निदान तिसरा हिस्सा पिवळा होऊन वास सुटेपर्यंत थांबा.

फळ काढल्यावर मूळ रोप लगेच उपटू नका. मुनवा 20-25 सेंटिमीटरचा होईपर्यंत त्याच्याच जिवावर जगतो. मग खाली दाबत पिळून सोडवा, दोन दिवस सावलीत जखम सुकू द्या आणि नव्या कुंडीत 5 सेंटिमीटर खोल लावा, पोग्यात माती जाऊ न देता.