विंडोज ११ टाकल्यावर मेल सिंकचा घोळ आणि थंडरबर्ड : दिवाळीपासूनचा अनुभव

आधी निकाल सांगते, थंडरबर्ड हे मेल सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसात टिकलं आणि ते काढायचा विचार आता डोक्यातही नाही. पण अपग्रेड केलं, मेल बंद पडला, दुसरं सॉफ्टवेअर टाकलं की सगळं सुरळीत, असं ज्यांना वाटतंय त्यांनी जरा थांबा, कारण आमचं तसं झालं नाही. नुसतं सॉफ्टवेअर बदलून अर्धाच प्रश्न सुटला, बाकीचा अर्धा पुढे कितीतरी आठवडे पुरला.

आमचं इचलकरंजीत टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे, क्लायंट बहुतेक यंत्रमागवाले आणि सूत व्यापारी. दोन पीसी, एक डोमेनचा मेल (म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता, हॉस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेला) आणि एक जीमेल. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, म्हणजे ऐन ऑडिटच्या गर्दीत आणि दिवाळीच्या तोंडावर. लोकांचे पॅन, आधार, बँक स्टेटमेंट ज्या मशीनवर आहेत ती सिक्युरिटी अपडेटशिवाय चालवणं मला पटत नव्हतं. एक वर्ष जादा अपडेट घ्यायची सोय होती, पण दोन्ही पीसी ११ साठी पात्र होते म्हटल्यावर करूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातली मुलगी म्हणाली, मॅडम, मोबाईलवर मेल दिसतोय, पीसीवर नाहीये. तिकडे क्लायंट फोनवर, "अहो ताई, सकाळीच पाठवलंय की स्टेटमेंट."

तेव्हा आमच्याकडे एक जुनं मेल सॉफ्टवेअर होतं, बरीच वर्षं वापरातलं. अपग्रेडनंतर ते सारखं पासवर्ड मागत होतं आणि दिलेला पासवर्ड घेत नव्हतं. जीमेलपुरतं कारण सरळ आहे, ३० मे २०२२ पासून गूगलने नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या ॲपला आत घेणं बंद केलंय, एकतर गूगलच्या पानावरून साइन इन करायचं नाहीतर टू स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करणारी सोय) चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड काढायचा. हा ॲप पासवर्ड काढताना एकदाच दिसतो, नंतर कुठेही बघायला मिळत नाही, म्हणजे सॉफ्टवेअरमधला साठवलेला गेला की नवीनच काढावा लागतो. नवीन काढला की जुन्या सॉफ्टवेअरवरही जीमेल चाललं असतं. पण ज्याला धड अपडेट येत नाही असल्या सॉफ्टवेअरवर पुढची वर्षं काढायची नव्हती.

विंडोजचं जुनं मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला अधिकृतपणे बंद झालेलं, त्याच्या जागी नवीन आउटलुक येतं. त्यात जीमेल किंवा दुसरा आयमॅप मेल (मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळ्या मशीनवर तोच दिसतो, ती पद्धत) जोडताना, तुमच्या मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये सिंक होईल असं ते स्पष्ट सांगतं आणि परवानगी मागतं. घरच्या मेलला कुणाला चालत असेल, पण क्लायंटच्या कागदपत्रांची आणखी एक प्रत आणखी एका ठिकाणी जावी हे मला नको होतं. थंडरबर्ड मेल सर्व्हरशी थेट बोलतं, मध्ये कुणी नाही, आणि ते देणग्यांवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर आहे, म्हणून ते घेतलं. जीमेल जोडायला काहीच वेळ लागला नाही, गूगलचं साइन इनचं पान तिथंच उघडतं, ॲप पासवर्डची भानगडच नाही.

डोमेनच्या मेलने मात्र घाम काढला.

जुन्या सॉफ्टवेअरवर तो पॉप पद्धतीने लावलेला होता, म्हणजे सर्व्हरवरचा मेल पीसीवर उतरवायचा आणि ठराविक दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकायचा. यात वर्षानुवर्षांचा मेल फक्त पीसीवर राहतो, पाठवलेला मेल तर दुसरीकडे कुठेच नसतो. त्यामुळे कुणी अपग्रेड करणार असेल तर आधी वेबमेल उघडून बघा की तिथे किती जुना मेल दिसतोय. तिथे दोनच आठवड्यांचा दिसत असेल तर बाकीचा सगळा त्या पीसीच्या हार्डडिस्कवर आहे, त्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय काहीच करू नका, अनइन्स्टॉल तर नाहीच नाही. आम्ही ती घेतली, मग जुना मेल थंडरबर्डच्या लोकल फोल्डर्समध्ये (हे फक्त पीसीवर असतात) आणला आणि खातं आयमॅपने नव्याने लावलं, पोर्ट ९९३, पाठवायला ५८७. पहिल्याच फटक्यात सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, तक्रार आली, ती अँटीव्हायरसच्या मेल स्कॅनिंगमुळे होती, कारण ते मध्ये बसून स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतं आणि थंडरबर्ड ते मानत नाही. तेवढं मेल स्कॅनिंग बंद केलं, बाकी अँटीव्हायरस चालूच ठेवला.

मग खालच्या पट्टीत मेसेज उतरत असल्याचा आकडा सरकायला लागला आणि वाटलं झालं एकदाचं.

झालं नव्हतं. सकाळी सगळं छान चालायचं, दुपारी माझ्या मोबाईलवर डोमेनचा मेल यायचा बंद. जीमेल चालू, व्हॉट्सॲप चालू, फक्त हाच बंद. वायफाय काढून मोबाईल डेटावर गेलं की लगेच चालू. राउटर बंद-चालू केला की थोडा वेळ ठीक, परत तेच. कधी मोबाईलऐवजी दुसऱ्या पीसीवर अडायचं. हॉस्टिंगवाल्यांना फोन केला तर त्यांचं एकच, सर्व्हर ओके आहे मॅडम, तुमचं विंडोज बघा. आणि आमचा नेटवाला म्हणे नेट ओके आहे. हे खूप दिवस चाललं आणि महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) असताना असं झालं की खरंच रडू येतं.

शेवटी थंडरबर्डच्या कोपऱ्यात क्षणभर येणारा मेसेज नीट वाचला. एका युजरची एका आयपीवरून (म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून) घेता येणारी कनेक्शनं संपली, असा त्याचा अर्थ होता. आणि सगळा उलगडा झाला. पॉप मेल घेतो आणि फोन ठेवतो, आयमॅप लाइन धरून बसतो, म्हणून तर नवीन मेल लगेच दिसतो. थंडरबर्ड एका खात्यासाठी ५ पर्यंत कनेक्शनं उघडी ठेवतं, फोल्डर जास्त उघडले की तेवढी लागतातच. डवकॉट नावाचं जे सर्व्हर सॉफ्टवेअर बऱ्याच हॉस्टिंगवर असतं त्यात एका युजरला एका आयपीवरून १० कनेक्शनं ही मूळची मर्यादा. दोन पीसींचे मिळून झाले १०, मोबाईल त्याच वायफायवर म्हणजे बाहेरून आयपी तोच, मग अकराव्याला दार बंद! मोबाईल डेटाचा आयपी वेगळा म्हणून तिथे चालायचं, राउटर चालू केल्यावर नवा आयपी मिळायचा म्हणून तेव्हा चालायचं, आणि सकाळी फोल्डर कमी उघडलेले असायचे म्हणून सकाळी चालायचं. विंडोज ११ चा यात काडीचाही संबंध नव्हता. अपग्रेडच्या निमित्ताने आम्ही पॉपवरून आयमॅपवर आलो, हा त्याचा संबंध.

उपाय एका मिनिटाचा. अकाउंट सेटिंग्ज, त्यात सर्व्हर सेटिंग्ज, तिथलं ॲडव्हान्स्ड बटण, आणि कॅश करायच्या, म्हणजे उघडी ठेवायच्या, कनेक्शनचा आकडा ५ चा २ केला, दोन्ही पीसींवर. त्या दिवसापासून हा त्रास परत आला नाही. दोन पीसी आणि दोन-तीन मोबाईल एकाच खात्यावर असलेलं कुठलंही छोटं ऑफिस असेल तर हे आधीच करून ठेवा.

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. मोबाईलवरून पाठवलेला मेल पीसीच्या सेंटमध्ये दिसत नसेल तर दोघं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतायत, कॉपीज अँड फोल्डर्समध्ये जाऊन एकच फोल्डर निवडा. जीमेलचं ऑल मेल फोल्डर ऑफलाइन उतरवू नका, इनबॉक्समधला प्रत्येक मेल त्यातही असतो, डिस्क उगाच दुप्पट भरते. एखाद्या फोल्डरचा आकडा वेबमेलशी जुळत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर आहे, पण मोठ्या फोल्डरवर ते संध्याकाळी लावून घरी जा, सगळं परत उतरवतं. कॅलेंडर मला मेलइतकंच उपयोगी पडलं, गूगलचं कॅलेंडर जोडून जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखेची आठवण तिथंच येते. ॲन्ड्रॉइडवरचं थंडरबर्डही घेतलं, पीसीवरची खाती क्यूआर कोडने त्यात जातात.

न आवडलेलं म्हणजे शोध. वरच्या पट्टीतला शोध वेगळा आणि फोल्डरमधला गाळून दाखवणारा वेगळा, ऑफिसातल्या मुलीला हा फरक लक्षात यायला बराच वेळ गेला आणि तिचं चुकत नव्हतं, ते दिसायला तसंच आहे.

आणि आयमॅपवर आल्यावर एक काम कायमचं मागे लागतं, ते म्हणजे सर्व्हरची जागा. पूर्वी मेल उतरून निघून जायचा, आता तिथेच साठतो. फेब्रुवारीत एका क्लायंटचा मेल परत गेला तेव्हा बघितलं तर पेटी जवळजवळ भरलेली, सगळी स्कॅन केलेली बिलं. आता आर्थिक वर्ष संपलं आणि त्या वर्षाचं काम उरकलं की त्या वर्षाचं फोल्डर लोकल फोल्डर्समध्ये हलवायचं आणि थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डचा सगळा मेल आणि सेटिंग्ज यात असतात) बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं, असं ठरवलंय. हलवताना घाई नको, आधी कॉपी करा, दोन्हीकडचे आकडे जुळवा, चार-पाच जुने मेल अटॅचमेंटसकट उघडून बघा आणि मगच सर्व्हरवरचे काढा, कारण आयमॅपमध्ये तिथून काढलं की मोबाईलवरून आणि दोन्ही पीसींवरूनही जातं.