‘शासनमान्य एएनएम’ म्हणून १,४७,३०० रुपये घेतले. मुलीचा प्रवेश घेण्याआधी हे वाचा

एक लाख सत्तेचाळीस हजार तीनशे रुपये. माझ्या मुलीला नर्स करतो म्हणून एका संस्थेनं आमच्याकडून एवढे पैसे घेतले. तिचं सव्वा वर्ष गेलं ते वेगळं. हातात आलेला कागद कोणत्याच सरकारी भरतीत चालणार नाही. परत मिळाले शून्य रुपये.

मी मराठवाड्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. हे आधीच सांगते, कारण गोष्ट फुटल्यापासून जो तो तेच म्हणतोय, “आशाताई असून फसली?” बोलणाऱ्याचं काय जातं? गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी दारोदार फिरणं, रात्री कुणाला कळा सुरू झाल्या की १०८ ला फोन लावून सोबत जाणं, हे माझं काम. नर्सिंगच्या शाळेला मान्यता कोण देतं हे मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नाही. आणि ज्यांना हे माहीत असायला पाहिजे असे साहेब लोकसुद्धा महिनोन् महिने मला या दारातून त्या दारात पाठवत राहिले. तेव्हा मला अडाणी म्हणण्याआधी पूर्ण वाचा.

मुलगी २०२४ ला बारावी झाली, कला शाखा, ६१ टक्के. तिला उपकेंद्रातली सिस्टर व्हायचं होतं. त्यासाठीच्या एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) कोर्सला कला शाखा चालते हे मला ठाऊक होतं. सरकारी केंद्रात तिचा नंबर लागला नाही. तेवढ्यात आरोग्य केंद्राच्या गेटवर एक माणूस पत्रकं वाटत उभा राहिला. “एएनएम, जीएनएम, शासनमान्य, १०० टक्के नोकरीची हमी.” जीएनएम म्हणजे एएनएमच्या वरचा नर्सिंगचा डिप्लोमा. आरोग्य केंद्राच्या दारात उभा आहे आणि कोणी हटकत नाही, मग आपण काय समजायचं? त्यानं आम्हा आशांना एका मुलीच्या प्रवेशामागे ३,००० रुपये देतो असंही सांगितलं. मी ते घेतले नाहीत आणि दुसऱ्या कुणाची मुलगी तिथं नेली नाही. हे मी छातीठोकपणे सांगते.

नोकरीची हमी लिहिलेलं पत्रक दिसलं की तिथूनच मागे फिरा. सरकारी भरती परीक्षेनं होते, तिची हमी शाळावाला कशी देणार?

संस्था जिल्ह्याच्या गावी, कापडाच्या दुकानावर. आत गेलं की भिंतभर फ्रेमा. मी विचारलं, “सर, मान्यता कुठली?” तर त्यानं एकेक फ्रेम दाखवली. एक संस्था नोंदणीची, एक आयएसओची, एक उद्यमची, एक नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलची. वर तीन सिंहांचं चित्र. “केंद्र सरकारची आहे ताई, राज्याच्याही वरची.” आता कळतंय की उद्यम म्हणजे धंद्याची नोंद, ती ऑनलाईन कोणीही करतं. दर्पण म्हणजे स्वयंसेवी संस्थांची यादी. आयएसओ म्हणजे कामकाजाच्या दर्जाचं प्रमाणपत्र, त्याचा नर्सिंगच्या मान्यतेशी काही संबंध नाही. यातला एकही कागद मुलीला नर्स बनवत नाही. पण काचेत लावलेला इंग्रजी कागद आणि समोर गोड बोलणारा माणूस असला की शिकलेलेही गप्प बसतात. त्या दिवशी माझ्या शेजारी एक माध्यमिक शिक्षक बसले होते, त्यांनीही पैसे भरले.

पैशांचा हिशोब देते. प्रवेशाचे १५,००० रोख. पहिल्या वर्षाची फी ६०,०००, तीस-तीस हजारांचे दोन हप्ते. गणवेश आणि पुस्तकांचे ७,५००. “पोस्टिंग फी” १२,००० रोख. परीक्षा फी ४,८००. दुसऱ्या वर्षाचा पहिला हप्ता ३०,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये “कौन्सिलच्या नोंदणीसाठी” १८,००० रोख. पावत्या आहेत त्या १,०२,३०० च्या. रोख घेतलेल्या ४५,००० चा कागद नाही. यातले ५०,००० बचत गटाचं कर्ज, त्याचे हप्ते आजही चालू आहेत. ४२,००० माझी बोरमाळ आणि कानातले मोडून. बाकी थकलेलं मानधन एकदम हाती आलं ते आणि सोयाबीनचे.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझी अजून झोप उडते. पहिला ३०,००० चा हप्ता भरला तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं पावती फाडून दिली. वर कुठल्याशा बहुउद्देशीय संस्थेचं नाव आणि मधे छापलेलं, “देणगी म्हणून साभार स्वीकारले.” मी ते वाचलं. मनात नाही, मोठ्यानं वाचलं. “देणगी कशी? ही तर फी आहे.” ती मुलगी मान वर न करता म्हणाली, “ट्रस्ट आहे ना ताई, टॅक्ससाठी असंच लिहावं लागतं.” पैसे अजून टेबलावरच होते. तिनं मोजले होते, पण गल्ल्यात टाकले नव्हते. हात पुढे केला असता तर नोटा उचलता आल्या असत्या. मागे रांग होती, मुलगी नव्या दप्तरासकट माझ्याकडे बघत होती. आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेतही पावत्या अशाच मिळतात हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. नियमानं चालणाऱ्या शाळाच पालकांना असली सवय लावून ठेवतात, मग चोराचं फावणारच. त्या एका शब्दावर पुढे पोलिसांनी मला परत पाठवलं. म्हणून सांगते, पावतीवर “शैक्षणिक शुल्क”, कोर्सचं पूर्ण नाव आणि शैक्षणिक वर्ष छापलेलं नसेल तर एक रुपया सोडू नका. रांग थांबली तर थांबू द्या.

मूळ टी.सी. आणि बारावीची मूळ गुणपत्रिका त्याच दिवशी काढून घेतली. “व्हेरिफिकेशन झालं की देतो.” दिली नाही.

शिकवणी म्हणजे दिवसातून दोन तास, एक मॅडम पुस्तक वाचून दाखवायच्या. मग “पोस्टिंग”. मुलींना एका खासगी दवाखान्यात टाकलं. तिथं फरशी पुसणं, बेडपॅन काढणं, रात्रपाळी, पेशंटच्या नातेवाइकांचा चहा आणणं. पगार नाही, उलट आम्हीच १२,००० भरलेले. म्हणजे दवाखान्याला फुकट कामाच्या पोरी मिळाल्या आणि संस्थेला वर पैसे. माझी लेक म्हणायची, “आई, आम्हाला डिलिव्हरी रूममध्ये येऊच देत नाहीत.” मी संस्थेत फोन केला तर म्हणाले, ते दुसऱ्या वर्षाला असतं. एएनएम म्हणजे बाळंतपण आणि गावातलं आरोग्य. खरी विद्यार्थिनी उपकेंद्रात जाते, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते, सोबत शिकवणाऱ्या ट्यूटर असतात आणि प्रत्येक केसची नोंद वहीत सही घेऊन होते. तुमच्या मुलीकडे अशी वही नसेल तर आजच संस्थेत जाऊन जाब विचारा.

२०२५ च्या दिवाळीआधी लेक घरी आली होती. आमच्या आरोग्य केंद्रात तेव्हा दुसऱ्या एका शाळेच्या एएनएमच्या मुली आल्या होत्या. तिच्याच वयाच्या. त्यांनी सहज विचारलं, “तुझा बोर्डाचा सीट नंबर काय होता?” हिच्याकडे नंबरच नव्हता. हिची परीक्षा त्याच कापडाच्या दुकानावर झाली होती. तिनं गुणपत्रिका आणून आरोग्य केंद्रातल्या एलएचव्ही (आरोग्य सहायिका) मॅडमना दाखवली. दिल्लीच्या कुठल्याशा कौन्सिलचं नाव, चमकणारा होलोग्राम, क्यूआर कोड. कोर्सचं नाव “डिप्लोमा इन नर्सिंग असिस्टंट”. एएनएम हा शब्द कुठेच नाही. क्यूआर कोड स्कॅन केला तर त्याच कौन्सिलची वेबसाईट उघडली आणि तिथं हिरव्या अक्षरात “व्हेरिफाईड”. ज्यानं कागद छापला त्यानंच तो खरा म्हणून सांगायचा. मॅडम म्हणाल्या, “ताई, ही एएनएमची नाही.”

महाराष्ट्रात एएनएमची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. पास झाल्यावर नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. वर भारतीय परिचर्या परिषद आहे, १९४७ च्या कायद्यानं झालेली. कोर्स दोन वर्षांचा, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. सहा महिन्यांत किंवा घरबसल्या एएनएम होत नाही. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत आरोग्य परिचारिका या पदाला परिचर्या परिषदेची नोंदणी मागितली होती. ती नोंदणी नसेल तर अर्ज बाद. एवढं चार ओळींचं ज्ञान प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायला काय खर्च येतो? कुटुंब नियोजनाची पोस्टरं लावायला भिंती सापडतात.

संस्थाचालक आधी म्हणाला, “खासगी दवाखान्यात कुठेही चालतं.” मी आवाज चढवल्यावर म्हणाला, “दुसऱ्या वर्षाचे राहिलेले ३०,००० भरा आणि टी.सी. घेऊन जा.”

मग सुरू झाली सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पावत्या पाहून साहेब म्हणाले, “बाई, तुम्ही देणगी दिलीय. देणगी परत मागता येत नाही. हा सिव्हिल मॅटर आहे.” तक्रार लिहून घ्यायलाही तयार नव्हते. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात गेले, जिथं माझ्यासारख्या आशांच्या मीटिंगा होतात, तिथं सांगितलं की कॉलेज आमच्याकडे येत नाही, शिक्षण विभागात जा. शिक्षण विभाग म्हणाला, नर्सिंग म्हणजे वैद्यकीय शिक्षण, मुंबईला लिहा. मुंबईला लिहिलं. खूप दिवसांनी एका कार्यालयातून उत्तर आलं की सदर संस्था आमच्याकडे मान्यताप्राप्त नसल्यानं तिच्यावर कारवाई आमच्या अखत्यारीत येत नाही. मान्यता नाही हीच तर माझी तक्रार! मान्यता असलेल्यांवरच कारवाई होणार असेल तर खोट्यांना मोकळं रान आहे. सरकारी तक्रार पोर्टलवर टाकलं, तर ते “संबंधित विभागाकडे वर्ग” होऊन बंद झालं. कोणत्या विभागाकडे, ते लिहिलेलं नाही. ग्राहक मंचाचं वकिलांना विचारलं. ते म्हणाले, शिक्षण ही ‘सेवा’ धरत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत, समोरचा तेच पुढे करील. म्हणजे पोलीस म्हणतात देणगी, संस्था कोर्टात म्हणणार शिक्षण, आणि आमच्याकडून घेताना फी. ते पत्रक वाटणारा माणूस यंदाही गेटवर उभा होता. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना हात धरून बाहेर आणून दाखवला. ते म्हणाले, गेटबाहेरचा रस्ता आपल्या हद्दीत नाही. लाज मला वाटायला लावतात सगळे. यांना कशाचीच वाटत नाही.

लेकीच्या बॅचचे काही पालक आधी सोबत होते. एकेक करून मागे सरले. “मुलीचं लग्न ठरायचंय, पोलिसात नाव नको.” त्यांना मी दोष देत नाही. पण या गप्प बसण्यावरच त्या माणसाचं दुकान चालतं.

शेवटी वकिलांनी वाट दाखवली. पोलीस तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तीच तक्रार लेखी, रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवायची. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. खोटं सांगून पैसे काढून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) चा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. “सिव्हिल मॅटर” म्हणणाऱ्याला हा आकडा सांगा. पोस्टाची पावती सांभाळून ठेवा. पत्रक, पावत्या, भिंतीवरच्या फ्रेमांचे फोटो, फोनवरचे मेसेज, काही फेकू नका. माझ्या मुलीनं पहिल्याच दिवशी हौसेनं वर्गाच्या पाटीसमोर फोटो काढला होता, त्यात “शासनमान्य एएनएम” स्पष्ट वाचता येतं. आज आमच्याकडचा सगळ्यात पक्का पुरावा तो आहे.

पोस्टानं तक्रार गेल्यावर संस्थेचा माणूस घरी आला. २०,००० देतो, शंभरच्या बॉण्डवर लिहून द्या की तक्रार नाही. १,४७,३०० घेऊन २०,००० ची भीक. मी सही केलेली नाही. अधीक्षकांकडून काही आलं नाही, म्हणून आता अर्ज कोर्टात आहे.

ज्यांची मुलं यंदा प्रवेश घेणार आहेत त्यांनी मान्यता संस्थेच्या भिंतीवर शोधू नये. भारतीय परिचर्या परिषदेच्या वेबसाईटवर त्या वर्षाची यादी असते. तिच्यात शाळेचं नाव, पत्ता, कोर्स आणि मंजूर जागा बघा. मागच्या वर्षीची यादी चालत नाही. जीएनएमची मान्यता असलेल्या शाळेला एएनएमची असेलच असं नाही. नावात एका अक्षराचा फरक असला तरी थांबा. शिवाय त्या शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी बघायला मागा. दोन बॅच बाहेर पडल्या म्हणतात आणि एकही नोंदणी दाखवत नाहीत, तर उठून या.

आणि ज्यांची कागदपत्रं अडवून ठेवली आहेत त्यांनी ती सोडवायला पैसे भरू नका. आम्ही ते ३०,००० भरले नाहीत. बारावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत आपल्या कनिष्ठ महाविद्यालयामार्फत विभागीय मंडळाकडून मिळते, टी.सी.ची दुय्यम प्रत महाविद्यालय देतं. आमच्या दोन्ही आल्या. लेक यंदा पुन्हा अर्ज भरतेय. यादी तिनं स्वतः काढली, शाळेचा पत्ता नकाशावर बघितला, आणि संस्थेत पाऊल टाकण्याआधी तिथल्या दोन मुलींशी बोलून आली.