उजळणीचा तास: पुन्हा वाचून घ्यायचं की आठवून लिहायला लावायचं?

‘मेंदूवर आधारित अध्यापन’ या नावाच्या कार्यशाळेत बराचसा वेळ डावा मेंदू-उजवा मेंदू आणि ‘पाहून शिकणारी, ऐकून शिकणारी मुलं’ यांत जातो. मुलांची अशी वर्गवारी करून शिकवल्याने त्यांना जास्त येतं, याला भक्कम पुरावा नाही. २००८ साली पॅशलर आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या आढाव्यातही तो सापडला नव्हता. वर्गात उपयोगी पडतील असे निष्कर्ष मेंदूच्या रंगीत चित्रांपेक्षा स्मरणावरच्या साध्या प्रयोगांतून जास्त आले आहेत. उजळणीच्या ३५ मिनिटांत नेमकं काय करायचं, याचं उत्तर तिथे मिळतं.

पहिली निवड: धडा पुन्हा वाचायचा, की पुस्तक मिटून आठवायचं. २००६ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. मग काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने चित्र उलटलं: ४२ विरुद्ध ५६. दुसऱ्या प्रयोगात चारही वेळा वाचणारे आठवड्यानंतर ४० टक्क्यांवर होते. एकदा वाचून तीनदा आठवणारे ६१ वर.

खरी मेख पाच मिनिटांच्या आकड्यात आहे. तास संपताना ‘समजलं का?’ विचारलं तर वाचून घेतलेला वर्ग जास्त जोरात ‘हो’ म्हणतो, आणि त्या क्षणापुरतं ते खरंही असतं. समोरचं वाक्य ओळखीचं वाटलं की ते आपल्याला येतं असा समज होतो. पण परीक्षेत वाक्य समोर नसतं. तिथे एका तुटपुंज्या खुणेवरून सगळं पुन्हा उभं करावं लागतं. या कामात हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींशी निगडित भागाचा मोठा वाटा असतो, आणि हे पुन्हा उभं करणं जितक्या वेळा घडेल तितकं ते पुढच्या वेळी सोपं जातं. वाचताना ते घडतच नाही.

वर्गात करायचं ते इतकंच. तास सुरू होताच फळ्यावर चार प्रश्न: दोन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तक बंद, वहीचं मागचं पान, चार मिनिटं, सगळ्यांनी लिहायचं. मग दोन मिनिटांत बरोबर उत्तरं सांगायची. मुलांनी दुसऱ्या रंगाच्या पेनाने आपली आपणच दुरुस्त करायची. प्रत्येक प्रश्नाला ‘कोणाचं चुकलं?’ म्हणून हात वर करायला लावायचे. निम्म्याहून जास्त हात दिसले तर तो भाग शिकवायचाच राहिला आहे असं समजावं.

हे फसतं ते ठरावीक जागी. गुण ठेवले की मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात, आणि आठवण्याचा भाग तिथेच संपतो. म्हणून गुण शून्य. एकाला उभं करून विचारलं तर बाकीचे ५९ जण सुटतात. फक्त बहुपर्यायी प्रश्न दिले आणि उत्तरं सांगायची राहिली, तर निवडलेला चुकीचा पर्यायच काही मुलांच्या डोक्यात बसतो. आणि प्रश्न कसा विचारला यावर बरंच अवलंबून आहे. ‘अपवर्तन म्हणजे काय?’ याचं उत्तर न समजताही पाठ म्हणता येतं. ‘हवेतून काचेत तिरपा शिरणारा किरण स्तंभिकेकडे का झुकतो?’ असं विचारलं तर काचेत प्रकाशाचा वेग कमी होतो हे आठवून जोडावं लागतं. पुढच्या खेपेला तोच प्रश्न उलटा, काचेतून हवेत, असा विचारावा.

मग पुन्हा वाचण्याला जागाच नाही का? आहे. धडा पहिल्यांदा कळलाच नसेल, भाषा जड असेल किंवा मूल आठवायला बसून कोरं पान देत असेल, तर आधी वाचन आणि सोडवलेली उदाहरणंच हवीत. जे आत गेलंच नाही ते आठवणार कुठून? प्रश्नोत्तरं फळ्यावरून उतरवून घेण्याचा मात्र यात काहीच वाटा नाही. त्यात हात चालतो, डोकं नाही.

गणितातली निवड वेगळी आहे: एकाच प्रकारची गणितं ओळीने द्यायची, की प्रकारांची सरमिसळ करायची. आपल्या पुस्तकातला सरावसंच एकाच पद्धतीचा असतो. वर्गसमीकरणं सूत्राने सोडवा म्हटलं की कोणती पद्धत वापरायची हा प्रश्न सूचनेनेच सोडवलेला असतो. प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह थोडी सरमिसळ करतो, पण त्याच प्रकरणापुरती. रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाच्या गणितांवर हे तपासलं. सरावाच्या वेळी एका प्रकाराची ओळीने गणितं करणाऱ्यांची ८९ टक्के बरोबर आली, सरमिसळ करणाऱ्यांची ६०. आठवड्याने तेच आकडे २० आणि ६३ झाले. इतका फरक शिक्षणावरच्या प्रयोगांत क्वचितच दिसतो.

म्हणून नव्या प्रकाराच्या पहिल्या दिवशी एका पद्धतीची तीन-चार गणितं ओळीने द्यावीत, त्याशिवाय पायऱ्या बसत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गृहपाठात आठ गणितं: तीन आजची, पाच जुनी, क्रम विस्कटलेला. अंकगणिती श्रेढीनंतर संभाव्यता, मग रेषीय समीकरण. चुका वाढतील आणि ‘सर, हे कुठल्या प्रकरणातलं?’ असं मुलं विचारतील. उत्तर देऊ नये. तेच ओळखायला शिकायचं आहे. पालकांना मात्र हे आधीच सांगून ठेवावं, नाहीतर वहीतल्या लाल खुणा पाहून तक्रार येते.

राहिलं अंतर. एका दिवशी तीन वेळा विचारण्यापेक्षा तेच तीन वेळा लांबवून विचारलेलं टिकतं. किती लांबवायचं हे परीक्षा किती दूर आहे यावर ठरतं. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधल्या प्रयोगात आठवड्याने होणाऱ्या चाचणीसाठी दोन अभ्यासांत एक-दोन दिवसांचं अंतर चांगलं ठरलं, वर्षभर लक्षात ठेवायचं तर साधारण तीन-चार आठवड्यांचं. जुलैत शिकवलेला धडा मार्चच्या बोर्डासाठी हवा असेल तर त्याच आठवड्यात एकदा, ऑगस्टमध्ये एकदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा आणि जानेवारीत एकदा विचारावा. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच वहीच्या एका पानावर धड्यांची यादी करून प्रत्येकापुढे चार चौकटी आखून ठेवल्या की पुरतं.

घटक चाचणी काही मिनिटांवर आली असेल आणि काहीच केलेलं नसेल, तर वाचूनच घ्या; त्या चाचणीपुरते गुण त्याने वाढू शकतात. फक्त त्या गुणांवरून धडा झाला असं धरून पुढे जाऊ नका, पंधरा दिवसांनी त्यातलेच चार प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहा.