कबुतरजाळी, गप्पी मासे आणि लिफ्टचा खड्डा: अकरा महिन्यांनंतर

पुण्यात कर्वेनगरला नदीपात्राजवळ आमची ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. मी खजिनदार, त्यामुळे डासांवर आणि कबुतरांवर किती पैसे गेले ते तोंडपाठ आहे. ते सत्कारणी लागले का, हे आता अकरा महिन्यांनी सांगता येईल.

२०२४ च्या पावसाळ्यात जवळच्या एरंडवण्यात डासांमुळे पसरणाऱ्या झिकाचे रुग्ण सापडले आणि आमच्याकडे एकच घबराट उडाली. लगेच फॉगिंगचं कंत्राट दिलं. दर शनिवारी संध्याकाळी पांढराशुभ्र धूर, त्यामागे धावणारी पोरं, आणि समिती काहीतरी करतेय याचं समाधान. सोमवारपर्यंत डास पुन्हा हजर. धुराने मरतो तो उडणारा डास, पाण्यातल्या अळीला त्याची झळही लागत नाही. त्यातून डेंगी पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि एरवी पलंगाखाली, पडद्यामागे दडून बसतो. धूर बाहेर, डास घरात.

गेल्या जूनमध्ये महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले. एकाने लिफ्टच्या खड्ड्यात बॅटरी मारली आणि मला बोलावून वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. नोटीस मिळाली, ती योग्यच होती. वर्षभर धुराची बिलं मी भरत होते आणि पैदास आमच्याच जिन्याखाली चालली होती.

तेव्हापासून फॉगिंग बंद. दर रविवारी सकाळी दोघांनी बॅटरी घेऊन फिरायचं, एवढंच. आठवड्याला एकदा, कारण पावसाळी उबेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. अळ्या सापडल्या त्या जागा ऐकून हसाल: फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरच्या ताडपत्रीची घडी, एसीच्या पाण्याखाली ठेवलेली बादली, आणि मनी प्लांटची बाटली, तीसुद्धा माझ्याच हॉलमधली. कुंडीखालच्या ताटल्या नुसत्या उपड्या करून भागत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. एडिसची अंडी काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. ताटली घासावीच लागते.

लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने काढलं तरी पुन्हा झिरपतं. तिथे बीटीआय टाकतो, म्हणजे अळ्यांच्या पोटात गेल्यावर त्यांना मारणारा एक जिवाणू. पहिल्यांदा टाकला तेव्हा दोन दिवसांनी डास निघालेच आणि आम्ही दुकानदाराला दोष देऊन मोकळे झालो. चूक आमची होती. अळीचा कोष झाला की तो काही खात नाही, मग औषध पोटात जाणार कसं? आता पाकिटावरचं वेळापत्रक पाळतो. बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात गप्पी मासे सोडलेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पोरं त्यांना पोळीचे तुकडे घालतात, ते मात्र बंद केलं पाहिजे. पोट भरलं तर मासे अळ्या कशाला खातील?

दिवसा चावणारे डास स्पष्ट कमी झाले. संध्याकाळचे नाहीत. ते बहुतेक क्युलेक्स, घाण पाण्यातले, आणि नदी आमच्या समितीच्या अखत्यारीत येत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला पात्रातलं पाणी साचलं की खिडक्यांच्या जाळ्या हाच उपाय.

आता कबुतरं. आधी स्वस्तातले प्रयोग झाले. जुन्या सीड्या टांगल्या, प्लास्टिकचं घुबड बसवलं. पंधरा दिवसांनी कबुतर त्या घुबडाच्या डोक्यावर बसलेलं मी स्वतः पाहिलं. कठड्यावर काटे लावले, तर त्यांच्यातच काड्या खोचून घरटं झालं! शेवटी डक्टला, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीला, वरपासून खालपर्यंत नायलॉनची जाळी लावली. त्याआधी सुकलेली विष्ठा खरवडायची होती. ती आधी ओली करून, मास्क लावूनच काढा. तिची धूळ फुफ्फुसांना फार वाईट, आणि आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजींना आधीच दम्याचा त्रास.

कंत्राटदाराने घाईत डक्ट बंद केला आणि दोन कबुतरं आत राहिली. रात्रभर फडफड. सकाळी जाळीचा कोपरा उसवून त्यांना सोडलं, आणि नंतर तो कोपरा नीट बांधायला कंत्राटदाराला सात फोन करावे लागले. एका घरट्यात दोन पिल्लं होती, म्हणून ती बाजू महिनाभर उघडी ठेवली. पिल्लं उडाली, मग बांधली. हा उशीर काहींना पटला नाही, मला अजूनही बरोबर वाटतो.

जाळीपेक्षा अवघड निघाले तिसऱ्या मजल्यावरचे काका. रोज सकाळी गच्चीवर ज्वारी. मी म्हटलं, "काका, दाणे बंद करा हो, खाली बाल्कनीत कपडे वाळत घालता येत नाहीत."

"अहो, मुक्या जिवांना घालतोय. तुमच्या मेंटेनन्समधून मागतोय का?"

सर्वसाधारण सभेत दोन तास गेले. दादरच्या कबुतरखान्यापर्यंत वाद पोचला, ठराव झाला, ज्वारी चालूच. मग आजींचा नातू एकटाच काकांकडे गेला आणि आजी रात्री कशा बसून काढतात ते सांगून आला. दुसऱ्या दिवसापासून दाणे बंद. काका माझ्याशी अजून बोलत नाहीत.

गुण द्यायचे तर डक्टच्या जाळीला दहापैकी आठ, रविवारच्या फेरीला नऊ, घुबडाला शून्य. जाळीचे दोन गुण कापले ते खारींमुळे. वरच्या कोपऱ्यात त्यांनी मुठीएवढं भोक पाडलंय. गॅरंटी पाच वर्षांची आहे, पण त्यात खार बसत नाही म्हणे. आठवा फोन उद्या करणार आहे.